गुण नकोत, तारीख द्या

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या मैदानांवरून सोळा वर्षांची मुलं-मुली नाहीशी होतात. कालपर्यंत कबड्डीत चढाया करणारं, खो-खोत सूर मारून गडी टिपणारं लेकरू क्लासच्या हॉस्टेलात जातं आणि त्याची प्रमाणपत्रं घरच्या कपाटात जातात. खेळाकडून त्याने सोबत नेलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे दहावीच्या टक्क्यांत मिळवलेले क्रीडा सवलतीचे गुण. घरचे सांगतात, शाळेतले सर सांगतात, क्लासवाले सांगतात : "आधी बारावी होऊ दे, मग खेळ." हे वाक्य इतक्या मायेने उच्चारलं जातं की त्याला विरोध करणं निष्ठुरपणाचं वाटतं. तरीही विरोध करायला हवा. या एका वाक्याने आमच्या भागातल्या खेळाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं उखडलेल्या मैदानांनीही केलेलं नाही.

या वाक्यातलं "मग" कधी येतच नाही. बारावीनंतर नीटचा रिपीट येतो, तो संपला की प्रवेशाच्या फेऱ्या येतात, त्यानंतर सेमिस्टर. दोन-तीन वर्षं सुटलेलं शरीर परत मैदानावर आलं तरी सोबतचे गडी पुढे निघून गेलेले असतात. ज्या वयात आम्ही मुलांना "थांब" म्हणतो, त्याच वयात बाकीचं जग जिंकत असतं. सातारा जिल्ह्यातली आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, ज्युनिअर गटात नव्हे, खुल्या वरिष्ठ गटात. तेव्हा तिचं वय सतरा होतं. तिच्या घरी कुणी धनुष्य बारावीनंतरसाठी गुंडाळून ठेवलं असतं, तर ते विजेतेपद दुसऱ्या कुठल्या तरी देशात गेलं असतं.

इथे कुणीतरी अविनाश साबळेचं नाव घेतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेस त्यानंतर धरली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. म्हणजे उशिरा सुरुवात करूनही जमतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला त्यात नेमकं उलट दिसतं. सैन्याने त्याला पगार दिला, आहार दिला, प्रशिक्षक दिला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरावाचा वेळ हा कामाचाच वेळ मानला. पाठीशी उभी राहणारी संस्था मिळाली की मराठवाड्याचं पोर कुठपर्यंत जातं, हे त्या रौप्यपदकाने सिद्ध केलं. आमच्या भागातलं कोणतं महाविद्यालय असं पाठीशी उभं राहतं, हा प्रश्न विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप अगदी विरुद्ध दिशेने येतो. तालमीतले काही वस्ताद आणि मैदानावरचे काही प्रशिक्षक म्हणतात, खेळायचं तर पुस्तकं सोड. दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो. त्यांची खेळावरची निष्ठा मला ठाऊक आहे आणि तिचा मला आदर आहे. पण हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी गुडघ्याचा लिगामेंट फाटलेल्या बाविशीतल्या पैलवानासमोर बसावं. सगळे ऑलिम्पिकला जात नाहीत. शंभरातले नव्व्याण्णव पंचविशीनंतर कुठेतरी नोकरी शोधतात, आणि तिथे पहिला प्रश्न पदवीचा येतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाची शैक्षणिक पात्रता त्यासाठी माफ होत नाही. धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. खेळाने तिला मान दिला आणि उभं राहायला जागाही मिळवून दिली. आमच्या मुलींना तिच्यासारखं व्हायचं असेल तर बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडून चालणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात सभ्य आणि म्हणून सगळ्यात फसवा आहे. तो म्हणतो, खेळ आणि अभ्यास दोन्ही करता येतात, विद्यार्थ्याने फक्त वेळेचं नियोजन करायला हवं. मग उदाहरणं येतात. अनिल कुंबळे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, सिंधूने एमबीए केलं, गावसकर सेंट झेवियर्सचा पदवीधर. मग तुला का जमत नाही? ही नावं खरी आहेत आणि त्यांचे कष्टही खरे आहेत. पण ती बंगळुरू, हैदराबाद आणि मुंबईची नावं आहेत, जिथे मैदान, घर आणि कॉलेज एकाच शहरात होतं. देगलूर किंवा निलंगा तालुक्यातल्या गावातून रोज येणाऱ्या मुलीने कसलं नियोजन करायचं? पहाटेची पहिली एसटी तिला कॉलेजच्या तासाला पोचवते. सराव संध्याकाळी असतो, आणि सरावाला रंग चढतो तेव्हा तिच्या गावाची शेवटची गाडी सुटायची वेळ झालेली असते. रोज ती शेवटची वीस मिनिटं सोडून पळत सुटते. तिला नियोजनाचे धडे देण्याआधी मैदानाशेजारी दहा मुलींची राहायची सोय करून दाखवा.

आणि घर जवळ असलं, तरी ज्या वेळापत्रकात तिला जगायचं आहे ते तिने बनवलेलंच नाही. इथेच खरी गोम आहे. परीक्षा वर्षातून एकदाच मार्च-एप्रिलमध्ये होत असे, तेव्हा हिवाळा खेळाचा होता. सेमिस्टर पद्धत आली आणि एक पूर्ण परीक्षा हिवाळ्यात येऊन बसली. भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे आपण ज्याला एआययू म्हणतो त्याच्या, पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोठा भाग हिवाळ्यातच असतो. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सवही त्याच सुमारास येतो. त्याआधी आंतरमहाविद्यालयीन सामने, निवड चाचणी, सराव शिबिर. संघ पंजाबात खेळायला निघाला तर नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने जायलाच दीड दिवस लागतो आणि यायला दीड दिवस. संघ झोनमधून ऑल इंडियासाठी पात्र ठरला, तर शिक्षा दुप्पट! हरलेला संघ परत येऊन पेपर देतो आणि जिंकलेल्या संघाचा पेपर बुडतो. जिंकणाऱ्याला दंड करणारी याहून विपरीत व्यवस्था मला ठाऊक नाही.

त्या मुलीला स्पर्धेला कोणी पाठवलं? विद्यापीठाने. ब्लेझर विद्यापीठाचा, छातीवरचं बोधचिन्ह विद्यापीठाचं, चषक येतो तो कुलगुरूंच्या दालनात जातो. त्याच विद्यापीठाचा दुसरा विभाग त्याच दिवशी तिच्या नावापुढे "गैरहजर" लिहितो. नेहमीची वाट अशी की राहिलेला पेपर पुढच्या हंगामात, नापासांसोबत द्यायचा. गुणपत्रिकेवर ती खूण कायम राहते आणि नोकरीच्या मुलाखतीत कलर होल्डर खेळाडूला ती समजावून सांगावी लागते. एका हाताने पाठवायचं आणि दुसऱ्या हाताने गैरहजर मांडायचं, हा अन्याय आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

हा अन्याय झाकण्यासाठी आपण एक पांघरूण शोधलं आहे, ते म्हणजे वाढीव गुण. खेळलास ना, घे एवढे गुण आणि गप्प बस. मी खेळाडूंच्या बाजूचा आहे आणि तरीही सांगतो, या गुणांनी खेळाडूचा अपमान होतो. जो पेपर त्याला लिहूच दिला नाही त्याचे गुण देऊन काय उपयोग? शाळेच्या पातळीवर तर या गुणांनी खेळाला टक्केवारीच्या बाजारात उभं केलं. मूल खेळतं ते दहावीपुरतं, गुण पदरात पडले की खेळ संपला. त्या गुणांच्या मोहातून आणि नोकरीतल्या आरक्षणाच्या मोहातून बोगस प्रमाणपत्रांचा धंदा उभा राहिला. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या खोट्या प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्या गेल्याचं प्रकरण मराठवाड्याच्या चांगलंच लक्षात आहे.

खेळाडूला आणखी सवलती दिल्या तर आणखी बोगस खेळाडू निपजतील, असं आता म्हटलं जाईल. गुणांच्या बाबतीत ही भीती अगदी रास्त आहे. पण परीक्षेची तारीख बदलून मिळण्यासाठी कोण खोटं प्रमाणपत्र आणेल? त्या संघाची यादी विद्यापीठाच्याच क्रीडा विभागाने सही करून पाठवलेली असते. पडताळणी करणारा आणि पाठवणारा एकच आहे. शिवाय तारीख बदलून मिळाली म्हणजे पेपर सोपा झाला असं नाही. तोच अभ्यासक्रम, तेवढेच तास, तशीच तपासणी. सवलत वेळेची हवी, दर्जाची नको, एवढंच हे मागणं आहे.

दर्जाची सवलत कुठे घेऊन जाते याचा धडा अमेरिकेने दिलेला आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं वर्गच न भरणारे विषय चालले होते. एक निबंध दिला की चांगली श्रेणी. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्या विषयांचा लाभ घेतला आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. त्यांना पदव्या मिळाल्या, शिक्षण मिळालं नाही. पण त्याच अमेरिकेत हंगामात विद्यार्थी-खेळाडूचा सक्तीचा सराव आठवड्याला २० तासांपुरता मर्यादित ठेवण्याचा नियमही आहे. युरोपीय संघाने २०१२ साली खेळ आणि शिक्षण सोबत चालवण्यासाठी सदस्य देशांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. तिथे गृहीत असं धरलं आहे की ताळमेळ घालणं हे संस्थेचं काम आहे. आपण ते एकोणीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यात घातलं.

एवढं लांब जायचीही गरज नाही. २०१८ साली हरियाणाचा नेमबाज अनिश भनवाला दहावीत होता. परीक्षा आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकाच वेळी आल्या. सीबीएसईने त्याचे राहणारे पेपर नंतर घेतले. पंधराव्या वर्षी तो गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला आणि पेपरला बसला. लाखो विद्यार्थ्यांच्या बोर्डाला एका मुलासाठी हे करता आलं. पुढे सीबीएसईने अशा खेळाडूंसाठी वेगळी परीक्षा घेण्याची रीतच घालून दिली. आमच्या चार जिल्ह्यांच्या नांदेड विद्यापीठाला हे अशक्य कसं?

परीक्षा विभागाची अडचण मी ऐकून आहे. नवी प्रश्नपत्रिका, गोपनीयता, केंद्र, पर्यवेक्षक, खर्च. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं म्हटल्यावर याच विद्यापीठांनी काही आठवड्यांत घरबसल्या ऑनलाइन परीक्षा उभी केली. निवडणूक आली, अतिवृष्टी झाली, दुसरी एखादी परीक्षा त्याच दिवशी पडली, की पेपर पुढे ढकलल्याचं परिपत्रक संध्याकाळपर्यंत निघतं. हजारोंचा पेपर हलवता येतो. तेव्हा संघांतल्या मोजक्या खेळाडूंचा पेपर महिनाभरात विद्यापीठाच्या मुख्य परिसरात, एकाच दालनात, राखीव प्रश्नपत्रिका संचावर घेणं अवघड आहे असं कुणी म्हणू नये. इच्छा नाही, असं म्हणावं.

"इतर विद्यार्थ्यांवर अन्याय होईल" हा आक्षेप मला लातूरमध्ये ऐकू आला की जास्त खटकतो. ज्याला सारा महाराष्ट्र लातूर पॅटर्न म्हणतो, तो होता तरी काय? हुशार मुलं हेरायची, त्यांच्यासाठी वेगळे तास घ्यायचे, चाचणीमागून चाचणी घ्यायची, सुट्टीतही शिक्षकांनी वर्गावर यायचं आणि गुणवत्ता यादी गाठेपर्यंत सोडायचं नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी त्यासाठी रक्त आटवलं. विशेष क्षमतेच्या विद्यार्थ्याला विशेष वेळ द्यावा लागतो, हे तत्त्व लातूरने साऱ्या राज्याला शिकवलं. तेव्हा कुणी अन्यायाची ओरड केली नाही. रसायनशास्त्रात चमकणाऱ्या मुलासाठी जे योग्य, ते चारशे मीटर धावणाऱ्या मुलीसाठी अयोग्य कसं होतं? शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. पॅटर्नची दृष्टी आणि विद्यापीठाची पायाभरणी एकाच माणसाकडून झाली. त्या वारशाचा दुसरा अर्धा भाग मैदानावर यायचा राहिला आहे.

"पण आपल्याकडे त्या तोडीचे खेळाडू आहेत तरी कुठे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी २८ ऑगस्ट २०२४ ची आठवण करून देतो. पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा सुमित अंतिलच्या बरोबरीने भाग्यश्री जाधवच्या हाती होता. भाग्यश्री नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याची. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. कुस्तीचं तर विचारूच नका. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार लातूर जिल्ह्याचे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरसमोर उभा होता तो शैलेश शेळके लातूरचाच. आणि ते दोघेही काका पवारांच्या पुण्यातल्या तालमीतले पठ्ठे! लातूरचा वस्ताद, लातूरचा मल्ल आणि माती पुण्याची. आमच्या मुलाला मोठं व्हायचं असेल तर त्याने गाव सोडावं, जिल्हा सोडावा आणि बहुतेक वेळा कॉलेजही सोडावं, हे आम्ही निमूट मान्य करून टाकलं आहे. खेळाडू नाहीत म्हणून सोयी नाहीत, हे खोटं आहे. सोयी नाहीत म्हणून खेळाडू इथे राहत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने हातात काही हत्यारं दिली आहेत, ती वापरायला कुणी मनाई केलेली नाही. राज्याच्या २०२३ च्या क्रेडिट रचनेत सहअभ्यासक्रमांसाठी आठ क्रेडिट आहेत आणि खेळ त्यात बसतो. पण ते सर्वांसाठी सारखे आहेत. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास, हे माप धरा. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, पंधरा आठवड्यांचं सत्र : तीनशे साठ तास होतात. त्या मापाने एका सत्रात बारा क्रेडिटचं काम ही मुलगी मैदानावर करते आणि तिच्या खात्यात दोन जमा होतात. बाराच्या बारा द्या असं मी म्हणत नाही. तिचा मूळ विषय तिने शिकलाच पाहिजे. पण राष्ट्रीय क्रेडिट आराखडा खेळातल्या प्रावीण्याला क्रेडिट द्यायची मुभा देतो, तर दोन आणि बाराच्या मध्ये कुठेतरी न्यायाची जागा असेल. क्रेडिट बँकेत साठलेलं क्रेडिट सात वर्षं टिकतं. म्हणजे राष्ट्रीय शिबिराच्या वर्षी तिने कमी विषय घेतले आणि पदवी चार-पाच वर्षांत पूर्ण केली, तर कुठलाही नियम मोडत नाही. हे तिला प्रवेशाच्या वेळी सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक महाविद्यालयात हवा. आज शारीरिक शिक्षण संचालक एकटा आहे आणि ज्या महाविद्यालयांत ते पदही रिकामं आहे तिथे कुणीच नाही.

शेवटी प्रश्न माणसांचाच असतो. १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक एका कॉलेजच्या प्राचार्याच्या घरावर उभं आहे. आज नांदेड-लातूरच्या कोणत्याही प्राचार्याला कुणी घर गहाण टाकायला सांगत नाही. एक शिफारस, एक पत्र, बुडलेल्या तासांची भरपाई करून देणारे दोन तास, एवढंच त्यांच्याकडून हवं आहे. खेळायला गेलेल्या विद्यार्थ्याची गैरहजेरी ही उपस्थितीच धरावी, प्राध्यापकांच्या मर्जीवर ती ठेवू नये. अंतर्गत चाचणी तो आल्यावर घ्यावी.

पालकांना माझी विनंती आहे. तुमची भीती खोटी नाही. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा, आणि डॉक्टर-इंजिनिअर होणं हा घर वर काढायचा एकच खात्रीचा रस्ता दिसतो. पण लेकराला मैदानातून उठवताना एकदा त्याच्या पी.टी.च्या सरांना विचारा, याच्यात खरंच काही आहे का. ते हो म्हणाले, तर दिवसाचे दोन तास त्याला ठेवा. ते दोन तास त्याच्या अभ्यासाचे वैरी नाहीत.

आणि विष्णुपुरीतल्या आमच्या विद्यापीठाच्या विद्या परिषदेला, परीक्षा व मूल्यमापन मंडळाला : विद्यापीठाने पाठवलेल्या खेळाडूचा बुडालेला प्रत्येक पेपर स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत घेण्याचा ठराव करा, आणि त्याच्या निकालावर गैरहजर हा शब्द येणार नाही असं त्यात लिहा. एआययू दरवर्षी स्पर्धांचं वेळापत्रक जाहीर करते. पुढच्या हिवाळी परीक्षेच्या तारखा छापण्याआधी ते आपल्याच क्रीडा विभागाकडून मागवून घ्या आणि समोर ठेवून बसा.